जठरातला पॉलिप : तुकड्याचा रिपोर्ट काय सांगतो

मावशीचा फोन रात्री साडेनऊला आला. आवाज पार उतरलेला. "अगं, दुर्बिणीत पॉलिप निघालेत म्हणे. एक नाही, सात-आठ. डॉक्टर म्हणाले घाबरू नका, पण तुकडा तपासायला पाठवलाय. घाबरायचं नाही, तर तुकडा कशाला पाठवला?"

प्रश्न बिनतोड होता. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. असे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघून ते काय आहेत हे लिहिणं माझं रोजचं काम. तरी त्या रात्री मी तिला एवढंच म्हणाले, "रिपोर्ट येऊ दे, मग बोलू." मधले चार दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागणार नाही हे मला कळत होतं. तेव्हा तिला जे नीट बसून सांगायला हवं होतं, ते आता लिहिते आहे.

पॉलिप हे कुठल्या आजाराचं नाव नाही. जठराला आतून मऊ, ओलसर, गुलाबी अस्तर असतं. त्या अस्तरावर उगवलेल्या कुठल्याही उंचवट्याला पॉलिप म्हणतात. घराची भिंत एका जागी फुगली की आपण एवढंच म्हणतो, "इथे भिंत फुगली आहे." आत ओल मुरली आहे, रंगाचे जुने थर सुटलेत, की सळी गंजून बाहेर यायला बघते आहे, हे गिलावा खरवडल्याशिवाय कळत नाही, आणि तिन्हींचे उपाय वेगळे असतात. दुर्बिणीतून बघणाऱ्या डॉक्टरांना भिंत फुगलेली दिसते. ती का फुगली, ते तुकडा सांगतो. म्हणून तुकडा पाठवतात. तो पाठवला म्हणजे डॉक्टरांना कॅन्सरचाच संशय आला, असा अर्थ काढू नये.

एक गोंधळ आधीच दूर करते, कारण तो जवळजवळ प्रत्येक घरात होतो. सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'पॉलिप' लिहिलेला असेल तर तो बहुतेक पित्ताशयातला असतो, जठरातला नाही. जठराच्या अस्तरावरचे बारीक पॉलिप सोनोग्राफीत दिसत नाहीत. आणि मोठ्या आतड्यातले पॉलिप ही तर पूर्ण वेगळी गोष्ट आहे. त्यातले बरेच पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतील अशा जातीचे असतात, म्हणून ते सापडले की सहसा काढूनच टाकतात. कुणा नातेवाइकाच्या आतड्यातल्या पॉलिपची हकीगत ऐकलेली असते, आणि तीच भीती जठराच्या पॉलिपला चिकटते. जठराचा हिशोब निराळा आहे. तिथले बहुसंख्य पॉलिप साधे असतात आणि त्यातल्या कित्येकांना हातही लावावा लागत नाही.

ते सापडतातही बहुतेक वेळा अवचित. शंभर जणांच्या पोटाची दुर्बिणीने तपासणी केली तर साधारण एक ते सहा जणांत पॉलिप दिसतो, आणि तपासणी झालेली असते दुसऱ्याच कारणासाठी: जळजळ, पोटफुगी, रक्त कमी होणं. छोटा पॉलिप दुखत नाही. मावशीला वाटत होतं की तिच्या ढेकरा या पॉलिपमुळे आहेत. तसं नव्हतं. मोठा पॉलिप मात्र त्रास देऊ शकतो. त्याच्या टोकाला जखम होऊन थोडं थोडं रक्त जात राहतं आणि माणूस नुसताच थकत जातो, हिमोग्लोबिन उतरत जातं. जठराच्या तोंडाशी, म्हणजे जिथून अन्न पुढे आतड्यात उतरतं तिथे देठ असलेला मोठा पॉलिप असेल, तर तो बुचासारखा अडकून उलट्याही होऊ शकतात. हे क्वचित होतं, पण होतं.

आता तपासणीविषयी. सहा ते आठ तास पोट रिकामं ठेवायला सांगतात. घशात कडवट चवीचा स्प्रे मारतात, त्याने घसा बधिर होतो आणि आपण गिळतोय की नाही तेच कळेनासं होतं. या क्षणाला माणसं सगळ्यात जास्त घाबरतात. श्वास नाकातून नीट चालू असतो, फक्त तो चालू असल्याची जाणीव ठेवायची. डाव्या कुशीवर झोपवतात, दातांमध्ये प्लास्टिकचं कडं देतात आणि करंगळीएवढी नळी आत जाते. हवं तर गुंगीचं इंजेक्शन मिळतं, पण मग घरी न्यायला सोबत माणूस लागतो आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. सगळं मिळून पाच-दहा मिनिटांचं काम. तुकडा घेताना दुखत नाही, कारण जठराच्या अस्तराला चिमटा काढल्याची वेदना कळत नाही. तपासणीआधी एक गोष्ट मात्र आपण होऊन सांगायची: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा आणखी कुठली, तर त्यांची नावं. त्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने अशी गोळी परस्पर थांबवणं पॉलिपपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे.

तुकडा पुढे कुठे जातो ते फारसं कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. तो दोन-तीन मिलिमीटरचा असतो, मोहरीच्या दाण्यापेक्षा किंचित मोठा. नाकात झोंबणाऱ्या फॉर्मॅलिनच्या बाटलीत बुडून तो आमच्याकडे येतो. मशीनमध्ये रात्रभरात त्यातलं पाणी अल्कोहोलने काढून घेतलं जातं आणि त्या जागी वितळलेलं मेण भरतं. सकाळी तो मेणाच्या ठोकळ्यात घट्ट बसलेला असतो. त्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे, म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम विसावा हिस्सा. ते काप कोमट पाण्यावर दुधावरच्या सायीसारखे पसरतात. तिथून काचेच्या पट्टीवर उचलायचे, जांभळा आणि गुलाबी असे दोन रंग द्यायचे आणि मग बघायचं. कमीअधिक तीन-चार दिवस लागतात ते यासाठी. गरज पडली तर जंतू दिसावेत म्हणून वेगळा रंग देऊन आणखी काप बघावे लागतात.

बाटलीसोबत एक कागद येतो आणि त्यावर पुष्कळ अवलंबून असतं. पॉलिप जठराच्या कुठल्या भागात होता, किती होते, केवढे होते, बाकीचं अस्तर कसं दिसत होतं, रुग्ण कुठल्या गोळ्या घेतो, हे लिहिलेलं असेल तर माझा रिपोर्ट नेमका होतो. कित्येकदा कागदावर फक्त 'जठराचा पॉलिप' एवढंच असतं, आणि मग फोन फिरवत बसावं लागतं. रुग्ण म्हणून तुम्ही इथे मदत करू शकता. रोज काय घेता ते डॉक्टरांना सांगा, त्यात पित्ताची गोळीही आली.

पित्ताची गोळी मी मुद्दाम म्हटली, कारण मावशीच्या पॉलिपची गोष्ट तिच्यापाशीच सुरू होते. ओमेप्राझोल 1988 साली बाजारात आलं आणि त्याच्या मागोमाग पँटोप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल अशी भावंडं आली. जठराच्या पेशींमधला आम्ल बाहेर टाकणारा पंपच ही औषधं बंद करतात. अल्सरचं ऑपरेशन ही एके काळी नेहमीची गोष्ट होती, ती या औषधांमुळे दुर्मीळ झाली, इतकी ती गुणी आहेत. पण आम्ल कमी पडलं की शरीर गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढवून पेशींना हाकारत राहतं. पेशी फुगतात, ग्रंथींची तोंडं चिंचोळी होतात, आत स्राव साचून बारीक पोकळ्या तयार होतात. वर्षानुवर्षं गोळी चालू राहिली की जठराच्या वरच्या घुमटात आणि मधल्या भागात हेच उंचवटे पॉलिप म्हणून दिसतात. दुर्बिणीतून ते भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दिसतात: बारीक, चकचकीत, अर्धपारदर्शक, एकापेक्षा जास्त. रिपोर्टात त्यांचं नाव 'फंडिक ग्लँड पॉलिप' असं येतं. ज्या समाजात जठरातला एच. पायलोरी जंतू कमी आणि या गोळ्या फार, तिथे सापडणाऱ्या पॉलिपमध्ये हेच सर्वांत जास्त असतात. काही जणांना गोळी न घेताही होतात.

या जातीतून कॅन्सर होण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. एखाद-दुसऱ्याचा तुकडा घेऊन जात पक्की केली की बाकीचे तसेच राहू देतात. एक सेंटिमीटरहून मोठा असेल किंवा वरून वेगळाच दिसत असेल, तर तेवढा काढून बघतात. गोळी थांबवता आली तर हे पॉलिप बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप बसतात.

'थांबवता आली तर' यावर माझा जोर आहे. काहींना ती गोळी खरंच लागते: अन्ननलिकेला आम्लाने जखमा झालेल्यांना, किंवा अ‍ॅस्पिरिन आणि दुखण्याच्या गोळ्या सोबत घ्याव्या लागतात अशा वयस्कर माणसांना. त्यांच्यासाठी चार साध्या पॉलिपांपेक्षा पोटातला रक्तस्राव मोठा. पण आपल्याकडे अशीही असंख्य माणसं आहेत, ज्यांना ती गोळी का सुरू झाली हेच आठवत नाही. मावशीला गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्या दिल्या, तेव्हा पोटाला संरक्षण म्हणून ही जोडीला दिली. दुखण्याच्या गोळ्या महिन्याभरात संपल्या. ही मात्र आठ वर्षं सकाळी उठून चहाआधी चालूच. चिठ्ठीशिवाय मिळते, कुणी विचारत नाही. मध्ये दोनदा तिने बंद करून पाहिली, तेव्हा तिसऱ्या दिवशी छाती पेटली आणि तिला वाटलं, गोळी आपल्याला लागतेच. ही जळजळ पुष्कळदा गोळी अचानक सोडल्याची असते. दाबून ठेवलेलं आम्ल काही आठवडे उसळी मारतं. म्हणून डोस हळूहळू उतरवतात: आधी निम्मा, मग एक दिवसाआड, मध्ये गरज पडली तर साधं पातळ अँटासिड. हे डॉक्टरांच्या सल्ल्याने करायचं.

या साबुदाणा-पॉलिपांना एक अपवाद आहे आणि तो चुकवून चालणार नाही. वय चाळिशीच्या आत, पॉलिप मोजता येणार नाहीत इतके, किंवा सोबत लहान आतड्याच्या सुरुवातीलाही वेगळ्या जातीचे पॉलिप, असं चित्र असेल तर आनुवंशिक आजाराचा विचार करावा लागतो. त्या आजारात मोठ्या आतड्यात शेकड्यांनी पॉलिप होतात आणि वेळेत उपाय केला नाही तर तिथे कॅन्सर जवळपास ठरलेलाच. अशांची मोठ्या आतड्याचीही दुर्बीण करतात. हा दोष पुढच्या पिढीत प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून मुलांची, भावंडांचीही चौकशी होते.

दुसरी जात 'हायपरप्लास्टिक पॉलिप'. इथे मला ती ओल मुरलेली भिंत आठवते. जठराचं अस्तर वर्षानुवर्षं सुजलेलं असतं, झिजतं, पुन्हा भरतं, आणि भरताना कुठेतरी जरुरीपेक्षा जास्त भरतं. तोच पॉलिप. म्हणजे खरा आजार भिंतीचा आहे. सुजेचं सर्वांत मोठं कारण म्हणजे एच. पायलोरी हा पिळदार जंतू. जठरातल्या आम्लात कुठला जंतू जगणार, असंच फार काळ बहुतेक डॉक्टर मानत. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टला तुकड्यांमध्ये हे जंतू वारंवार दिसले. त्यांचे सहकारी बॅरी मार्शल यांनी 1984 साली या जंतूंचं द्रावण स्वतः प्यायलं आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. दोघांना 2005 चं नोबेल मिळालं. काचेच्या पट्टीवर जे दिसतं त्यावर विश्वास ठेवून वॉरन अडून राहिले, ही गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते.

भारतात निम्म्याहून जास्त प्रौढांच्या जठरात हा जंतू असतो आणि बहुतेकांना तो आयुष्यभर काही करत नाही. पण हायपरप्लास्टिक पॉलिप सापडला की तो शोधायचाच. दुर्बिणीच्या वेळीच तुकड्यावर झटपट चाचणी होते, किंवा श्वासाची नाहीतर शौचाची तपासणी करता येते. पित्ताची गोळी चालू असेल तर जंतू असूनही चाचणी 'नाही' म्हणू शकते. म्हणून आधी दोन आठवडे ती गोळी आणि चार आठवडे अँटिबायोटिक बंद असावं लागतं. जंतू सापडला तर सहसा चौदा दिवसांचा उपचार असतो: दोन अँटिबायोटिक, आम्ल कमी करणारी गोळी आणि अनेकदा बिस्मथ. तोंड कडू होतं, शौचाचा रंग काळपट होतो, मळमळतं. सातव्या दिवशी "आता बरं वाटतंय" म्हणून सोडून देणारे पुष्कळ, आणि मग उरलेला जंतू त्या औषधांना दाद देईनासा होतो. कोर्स पुरा करायचा आणि संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेला का ते तपासायचं. दुसरी चाचणी बहुतेक जण करतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

जंतू गेला की बरेचसे हायपरप्लास्टिक पॉलिप आकसतात, काही तर नाहीसेच होतात. म्हणून घाई न करता आधी जंतूचा उपचार, मग तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा दुर्बीण, अशी रीत आहे. मोठा असेल, रक्त जात असेल किंवा औषधाने बसत नसेल, तर काढतात. या जातीत कॅन्सरकडे झुकण्याचं प्रमाण शेकड्यात एक-दोनच्या आसपास आहे आणि ते मुख्यतः एक सेंटिमीटरहून मोठ्या पॉलिपमध्ये. सोबत भोवतालच्या साध्या दिसणाऱ्या अस्तराचेही तुकडे घ्यायचे असतात. अस्तर पातळ झालंय का, जठराच्या जागी आतड्यासारख्या पेशी दिसू लागल्यात का, हे त्यातून कळतं. पुढचा धोका बऱ्याचदा पॉलिपपेक्षा त्या भिंतीत जास्त असतो. कधी कधी सुजेचं कारण जंतू नसतो, शरीराची प्रतिकारशक्तीच जठरावर उलटलेली असते. अशांचं बी-बारा कमी निघतं आणि ते आयुष्यभर भरून द्यावं लागतं.

तिसरी जात 'अ‍ॅडिनोमा'. ही संख्येने कमी, पण हिच्याशी तडजोड नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची केंद्रकं लांबट, गडद, एकमेकांवर चढलेली दिसतात. आज कॅन्सर नसतो, पण रस्ता तिकडचा असतो. म्हणून ती पूर्ण काढतात, बाकीचं जठर बारकाईने बघतात आणि वर्षाने पुन्हा दुर्बीण करतात. अ‍ॅडिनोमाच्या एका कडेचा तुकडा घेऊन 'साधा आहे' म्हणणं पुरेसं नसतं, कारण दुसऱ्या कडेला वेगळं काही असू शकतं. सबंध पॉलिप हातात आल्यावरच रिपोर्ट खरा.

याशिवाय अस्तराच्या खालून वर आलेल्या गाठी असतात, वरून त्याही पॉलिपसारख्याच दिसतात. चिमट्याने घेतलेला तुकडा तेवढा खोल जात नाही, म्हणून रिपोर्टात 'अस्तर सामान्य' येतं आणि माणूस निर्धास्त होतो. तेव्हा टोकाला सोनोग्राफी असलेली दुर्बीण लागते.

काढायची वेळ आली तरी पोट फाडत नाहीत. त्याच दुर्बिणीतून तारेचा फास आत जातो. पॉलिप बसका असेल तर आधी त्याच्याखाली निळसर रंग मिसळलेलं सलाईन टोचतात, म्हणजे तो फोडासारखा वर उचलला जातो आणि खालच्या स्नायूंना इजा होत नाही. मग फास आवळून विजेच्या झटक्याने कापतात, रक्त येईल असं वाटलं तर बारीक क्लिप लावतात. मोठ्या, पसरट अ‍ॅडिनोमासाठी अस्तर सोलून अख्खा तुकडा काढण्याची जपानी डॉक्टरांनी विकसित केलेली पद्धत आहे. तिला वेळ आणि तयार हात दोन्ही लागतात. धोके दोन: रक्तस्राव, आणि फार क्वचित भोक पडणं. रक्त लगेच येतं किंवा एक-दोन आठवड्यांनीही येऊ शकतं. घरी गेल्यावर डांबरासारखं काळं, चिकट शौच, रक्ताची उलटी, चक्कर, किंवा पोटात न थांबणारी कळ आली तर सकाळची वाट बघायची नाही. कापलेली जागा भरून यावी म्हणून काही आठवडे पित्ताची गोळी देतात. पॉलिप निघाला म्हणून त्या गोळीला नकार देऊ नये.

काढे, चूर्णं, उपाशीपोटी घ्यायचे रस यांनी पॉलिप विरघळतो असं पुष्कळ जण सांगतील. विरघळलेला मी पाहिलेला नाही. अ‍ॅडिनोमावर असे सहा महिने गेले तर ते परत मिळत नाहीत. वजन घटणं, घास अडकणं, सतत उलट्या, काळं शौच यातलं काही असेल तर अशा उपायांत वेळ घालवायचाच नाही.

फाइलमध्ये तीन कागद जपून ठेवा: दुर्बिणीचा फोटो असलेला रिपोर्ट, तुकड्याचा रिपोर्ट आणि जंतूच्या चाचणीचा निकाल. अनेकांकडे पहिला असतो, दुसरा आणायला कुणी गेलेलंच नसतं. मेणाचे ठोकळे लॅबमध्ये काही वर्षं ठेवलेले असतात. दुसरं मत हवं असेल तर ते मागून घेता येतात, पुन्हा नळी घालावी लागत नाही.

मावशीचा रिपोर्ट पाचव्या दिवशी आला: फंडिक ग्लँड पॉलिप, अस्तर ठीक, जंतू नाही. तिच्या डॉक्टरांनी तिला दोन महिन्यांत गोळीवरून उतरवलं. परवा पुन्हा तिचा फोन, या वेळी आवाज खणखणीत. "आमच्या शेजारच्या काकूंना पण पॉलिप निघालेत. त्यांना सांगू का, ती गोळी बंद करा म्हणून?"

"आधी त्यांचा तुकड्याचा रिपोर्ट वाचून दाखव."

चष्मा शोधण्यात, फाइल मागवण्यात दहा मिनिटं गेली. मग एकेक अक्षर लावत ती वाचू लागली, "हाय-पर-प्लास्टिक..." आणि खाली, "एच. पायलोरी, आहे."

"मावशी, मग त्यांना गोळी बंद करायला सांगू नकोस. हा कागद घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जायला सांग."